पिकअपचा मागचा पाटा

बैलगाडीला पाटा नसतो. लाकडी चाक, चाकावर लोखंडी धाव, दोन चाकांच्या मध्ये आस आणि आसावर गाडीची साटी. चाक खड्ड्यात गेले की दणका सरळ वर येतो. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात, पण गाडीचे फारसे बिघडत नाही. बैल आपल्या चालीने चालतो. सावकाश चालणाऱ्या गाडीला दणका बसून बसणार किती?

टांग्याचे तसे नव्हते. घोडा पळतो. म्हणून टांगा करणाऱ्या कारागिरांनी आस आणि बैठक यांच्यामध्ये पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या घातल्या. दणका आधी पट्टीला बसायचा. पट्टी दबायची आणि पुन्हा वर यायची. माणसापर्यंत त्यातला थोडाच भाग पोचायचा. हीच पट्टी पुढे मोटारीला आली, ट्रकला आली, एस.टी.ला आली. तिला आपण पाटा म्हणतो.

आता जळकोटच्या बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या पिकअपजवळ जा आणि मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला वाकून पाहा. एकाखाली एक ठेवलेल्या, मध्ये खाली आणि टोकांना वर उचललेल्या पट्ट्यांची जुडी दिसेल. एक डाव्या चाकाजवळ, एक उजव्या. सोयाबीन आणि तूर उदगीरच्या अडतीला न्यायची असो, हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला बैल न्यायचा असो, सिमेंट आणायचे असो की उन्हाळ्यात पाण्याची टाकी, सगळे ओझे शेवटी या दोन जुड्यांवर येते. त्यात आपला तालुका डोंगराळ. चढ, उतार, वळण आणि खड्डे यांचा इकडे तुटवडा नाही. त्यामुळे पाटे तुटतात.

पाटा तुटला की भाडे बुडते. गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. मग घाई होते. त्या घाईत कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी भाचा जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरतो. जॅक सरकला तर त्याला बाहेर यायला वेळ मिळत नाही. हा धडा मुख्यतः त्याच्यासाठी लिहिला आहे. तुमच्या घरी गाडी नसली तरी वाचा आणि ज्याच्याकडे आहे त्याला वाचून दाखवा.

कावड आणि पाटा

खांद्यावर कावड घेतलेला माणूस आठवा. मध्ये खांदा, दोन्ही टोकांना पाण्याच्या घागरी. माणूस चालू लागला की कावडीचा बांबू वरखाली लवतो. बांबू लवतो म्हणून खांद्याला हिसका कमी बसतो. लोखंडाचा न लवणारा गज खांद्यावर घेऊन त्याच घागरी नेऊन पाहा, म्हणजे फरक कळेल.

पिकअपचा पाटा म्हणजे अशीच कावड आहे. मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड आस असतो. गॅरेजवाले त्याला हाउसिंग म्हणतात. हा आस म्हणजे खांदा. पाट्याचा मध्यभाग त्या खांद्यावर बसतो. पाट्याच्या दोन्ही टोकांवर गाडीची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, टेकलेली असते. चासीवर माल. टोकांवर ओझे, मध्ये आधार. आता कावड मोडली तर कुठे मोडेल? खांद्यापाशी, कारण तिथे ताण सगळ्यांत जास्त. पाट्याचेही तेच. म्हणून जुडी मध्ये जाड ठेवतात. वरचा पाटा सर्वांत लांब. त्याला मेन पाटा म्हणतात. त्याच्या खाली थोडा आखूड, त्याच्या खाली आणखी आखूड, असे लावत जातात. काही गाड्यांना याशिवाय एखादा वेगळा जाड पाटा असतो. गाडी भरली की मगच तो कामाला येतो. त्याला हेल्पर म्हणतात.

कोणी विचारील, एवढ्या पट्ट्या कशाला? एकच जाड पट्टी का नाही? त्याचे कारण असे. जाड पट्टी लवत नाही, आणि जबरदस्तीने लववली तर फुटते. पातळ पट्ट्या लवतात. त्या एकमेकींवर थोड्या घासत, सरकत लवतात, आणि या घासण्याने गाडीचे हेलकावेही लवकर थांबतात.

मेन पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवून भोक केलेले असते. त्याला डोळा म्हणतात. डोळ्यात रबराचे किंवा धातूचे बुश बसते. पुढचा डोळा बोल्टाने चासीला पक्का जोडलेला असतो. मागचा डोळा मात्र पक्का नसतो. तो एका झुलत्या दुव्यावर टांगलेला असतो. त्याचे नाव शॅकल. हे असे का केले? ओझे पडले की वाकलेला पाटा सपाट होतो. सपाट झाला की टोकाटोकातले अंतर वाढते. दोन्ही टोके पक्की केली असती तर वाढलेल्या लांबीला जागाच राहिली नसती. शॅकल झुलते आणि ती जागा देते.

सगळ्या पाट्यांना मध्ये आरपार भोक असते. त्यातून सेंटर बोल्ट जातो. सेंटर बोल्टाचे डोके आसावरच्या खाचेत बसते, म्हणून आस पुढे-मागे सरकत नाही. आणि आस व जुडी यांना घट्ट आवळून धरायला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट असतात. त्यांना यू-बोल्ट म्हणतात. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. पिकअपचा मागचा आस गाडीला या पाट्यांनीच बांधलेला असतो. पाटा नुसते ओझे उचलत नाही, चाक जागेवरही धरून ठेवतो. म्हणून मधला एखादा आखूड पाटा तुटला तर गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत जाईल. मेन पाटा तुटला तर नेऊ नये. आस एका अंगाने सरकतो, गाडी तिरकी ओढते आणि चालवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. गाडी उभी करावी आणि मिस्त्रीला तिथे बोलवावे, किंवा ती ओढून नव्हे तर दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावी.

तुटण्याआधी पाटा सांगतो

पाटा सहसा एका दिवसात तुटत नाही. आधी बारीक चीर पडते. ती रोज थोडी थोडी वाढते. शेवटी उरलेला भाग एखाद्या खड्ड्यात एकदम जातो. तुटलेल्या पाट्याचे तोंड पाहिले की हा हिशेब दिसतो. तोंडाचा काही भाग काळपट, गंजलेला असेल. ती जुनी चीर. काही भाग पांढराशुभ्र चकाकत असेल. तो आज तुटलेला. काळा भाग जेवढा मोठा, तेवढे दिवस पाटा आतून तुटतच होता आणि कोणी पाहिले नव्हते.

पाहायला फार शिकावे लागत नाही. रिकामी गाडी सपाट जागी उभी करावी आणि मागून पाहावे. एक बाजू खाली बसली आहे का? खड्ड्यातून जाताना कटकट असा आवाज येतो का? टायर वर कुठे घासल्याची खूण आहे का? पाट्यांच्या मधून विटकरी रंगाची धूळ पडते का? ती गंजाची धूळ. पाटे सैल होऊन घासत असल्याची ती खूण आहे. शंका आली तर सुतळी घ्यावी. पुढची चाके सरळ करून डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजावे. तीच सुतळी उजव्या बाजूला लावावी. अंतर सारखे यायला पाहिजे. फरक आला तर आस सरकला आहे. बहुतेक सेंटर बोल्ट तुटला असेल.

पाटा नेमका कुठे तुटला, हेही पाहावे. बरोबर मध्ये, सेंटर बोल्टाच्या भोकापाशी तुटला असेल तर पहिला संशय यू-बोल्टवर घ्यावा. यू-बोल्ट घट्ट असतात तेव्हा मधला भाग आसाला चिकटून राहतो आणि लवत नाही. ते ढिले झाले की मधला भागही लवू लागतो. तिथे तर भोक पाडलेले असते, म्हणजे जागा आधीच कमजोर. अशा गाडीला नवा पाटा घातला आणि यू-बोल्ट जुनेच ढिले ठेवले, तर तो नवा पाटाही तिथेच तुटणार.

आरसीवरचे दोन आकडे

पाटा तुटण्याचे दुसरे कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. ते म्हणजे जादा माल.

आता तुम्हाला वाचता येते. मग गाडीची आरसी हातात घ्या. तिच्यावर दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, एक भरलेल्या गाडीचे. मालगाडीच्या अंगावरही ती रंगवलेली असतात. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करा. समजा भरलेल्या गाडीचे वजन 2,900 किलो आहे आणि रिकाम्या गाडीचे 1,500 किलो. वजाबाकी 1,400 किलो. एवढेच वजन त्या गाडीने न्यायचे. त्यात चालवणारा आणि शेजारी बसणाराही आला.

पन्नास किलोचा कट्टा धरला तर 1,400 किलो म्हणजे 28 कट्टे. दोन माणसांचे वजन काढले तर 25 किंवा 26. गाडीत जागा चाळीस कट्ट्यांची दिसते, हे खरे. पण जागा डोळ्यांना दिसते आणि वजन पाट्याला कळते.

पाण्याचे फसवणे तर याहून मोठे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते अजून कोणी विसरलेले नाही. पाणीटंचाईत आपल्याकडे पिकअपवर प्लास्टिकची टाकी ठेवून पाणी नेतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दोन हजार लिटरची टाकी भरली की दोन हजार किलो झाले, टाकीचे वजन वेगळे. वरच्या हिशेबाच्या गाडीला हे सहाशे किलोंनी जास्त आहे. शिवाय पाणी कट्ट्यासारखे गप्प बसत नाही. ते हिंदकळते. वळणावर सगळे एका बाजूला येते आणि एकाच बाजूच्या पाट्यावर पडते. टाकी अर्धी असली तर हिंदकळायला जागा जास्त. म्हणून गाडीला पेलेल एवढीच टाकी घ्यावी, ती काठोकाठ भरावी आणि वळणावर गाडी हळू घ्यावी.

कायद्याचे बोलायचे तर 2019 च्या दुरुस्तीने जादा माल भरण्याला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये, असे ठरले आहे. एका खेपेला मिळालेले जादाचे भाडे आणि हा दंड शेजारी शेजारी लिहून पाहावे. आणि वऱ्हाड पिकअपमधून नेऊ नये. तीस माणसे म्हणजे सहज अठराशे किलो होतात, तीही उभी, म्हणजे ओझे उंचावर. अशी गाडी कलंडायला पाटा तुटावाच लागतो असे नाही.

“एक पाटा जादा घाला”

गॅरेजात हे बोलणे नेहमी ऐकू येते.

“मामा, मागून एक पाटा जादा घाला की. माल लई असतो.”

“घालतो की. पण जादा ब्रेक कुठून आणू?”

मिस्त्रीमामांच्या या बोलण्यात मोठा अर्थ आहे. अनेक पिकअपना मागे आसापासून चासीपर्यंत एक बारीक दांडा असतो. वरवर पाहणाऱ्याला तो निकामी वाटतो. त्याचे काम असे. गाडी रिकामी असताना मागचा ब्रेक जोराने लागला तर मागची चाके जाम होतात आणि गाडी फिरते. भरलेली असताना मात्र मागचा ब्रेक जोराने लागायलाच पाहिजे. गाडी रिकामी की भरलेली, हे ब्रेकला कळणार कसे? भरली की गाडी पाट्यांवर खाली बसते. खाली बसली की तो दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो.

आता जादा पाटा घातला. दीड-दोन टन माल टाकला तरी गाडी खाली बसत नाही. मालक खूश. पण दांड्याला वाटते, गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमीच ठेवतो. वजन वाढले आणि ब्रेक घटला. उतारावर हा हिशेब चालवणाऱ्याच्या जिवावर येतो. शिवाय टायर तेच, आस तोच, चासी तीच. पूर्वी जो दणका पाटा खात होता तो आता चासी खाते आणि काही महिन्यांनी चासीला चीर जाते. पाटा बदलता येतो. चासी बदलायला निघालात तर अर्धी गाडी विकावी लागेल.

“मग मामा, ट्रॅव्हल्सला असतो तसा हवेचा फुगा लावला तर?”

हा प्रश्न चांगला आहे. उदगीर-लातूरहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच आरामगाड्यांखाली पोलादी पाट्यांच्या जागी रबराचे जाड फुगे असतात. टायरमध्ये असतात तसे मजबूत धागे त्या रबरात घातलेले असतात आणि आत दाबलेली हवा असते. आगगाडीच्या नव्या डब्यांखालीही असेच फुगे येतात. लातूरजवळ मराठवाडा रेल्वे डबा कारखाना आहे. त्याची पायाभरणी 2018 मध्ये झाली आणि 2020 च्या डिसेंबरात तिथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. ‘वंदे भारत’ गाडीचे आणि मेट्रोचे डबे अशाच हवेवर तरंगत चालतात.

हवेच्या फुग्याची करामत वेगळीच आहे. मुंबईची लोकल घ्या. दुपारी डबा मोकळा, संध्याकाळी त्यात मुंगीला जागा नाही. पाट्यावर असता तर डबा भरल्यावर खूप खाली बसला असता आणि फलाटाची पायरी उंच झाली असती. फुग्याला एक झडप असते. डबा खाली बसू लागला की ती झडप हवा आत सोडते. माणसे उतरली की हवा बाहेर सोडते. डब्याची उंची जवळजवळ तेवढीच राहते.

पिकअपला असे जोडफुगे बाजारात मिळतात. पाटे तसेच ठेवून आस आणि चासी यांच्यामध्ये ते बसवतात. त्याने गाडी सरळ राहील, दणकाही थोडा कमी लागेल. पण आरसीवरचा आकडा त्याने वाढत नाही, आणि ब्रेकच्या दांड्याची गोष्ट इथेही तीच. ज्यांनी फुगे लावले आहेत त्यांनी एवढे करावे. अधूनमधून रबराला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर हवा गळते आहे. रबराला भेगा पडल्या असतील तर फुगा बदलावा, पंक्चरसारखे ठिगळ लावू नये. काढण्याआधी आतली हवा पूर्ण सोडावी. नवा फुगा जागेवर नीट बसल्याशिवाय त्यात हवा भरू नये. मोकळा फुगा भरला तर तो फाटून अंगावर येतो. आणि फुग्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीखाली, मग ती बस असो की पिकअप, नुसते शिरू नये. हवा गेली की गाडी आवाज न करता खाली बसते.

पाटा बदलताना

हे काम मिस्त्रीचे आहे. वाचून लगेच पाना हातात घ्यावा असे नाही. पण काम कसे व्हावे हे माहीत असले की समोर चाललेले काम नीट आहे की नाही, हे कळते.

गाडी पूर्ण रिकामी करावी. जागा सपाट आणि टणक असावी. आपल्या काळ्या मातीत जॅक खचतो, पाऊस झालेला असला तर फारच. गॅरेज नसेल तर डांबरी किंवा सिमेंटची जागा शोधावी आणि तरीही जॅकखाली रुंद, जाड फळी ठेवावी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड लावावेत. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी. मागच्या चाकांचे नट, चाके जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. चाके अधांतरी झाल्यावर पान्याला जोर लावला की गाडी हलते.

मग जॅकने गाडी उचलावी, आणि उचलल्याबरोबर चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावावेत. काही गॅरेजांत त्याला घोडी म्हणतात. जॅक हळूच सोडून गाडीचे वजन घोड्यांवर टेकवावे. जॅक हे उचलायचे हत्यार आहे. ते धरून ठेवायचे हत्यार नव्हे. तेलाच्या जॅकचे एक वायसर गेले की तो खाली बसतो, आणि वायसर कधी जाणार हे कोणाला ठाऊक नसते. घोडीच्या जागी विटांचा थर लावू नये. वीट वजनाखाली आधी काही सांगत नाही, एकदम फुटते. दगडांची उतरंडही नको. घोडी नसेल तर रुंद लाकडी ठोकळे आडवे-उभे रचावेत. काढलेले चाक बाजूला ठेवू नये, चासीखाली आडवे सरकवून ठेवावे. सगळे फसलेच तर गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. यानंतर गाडीला हाताने जोरात हलवून पाहावे. हलली तर पुन्हा रचावे. हलली नाही तरच कोणी खाली जावे. लेकरांना आणि बघ्यांना दूर ठेवावे.

जॅक आता आसाखाली आणावा आणि आसाला नुसता आधार द्यावा. यू-बोल्टचे नट गंजलेले असतात. त्यांवर आदल्या रात्रीच डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडलेले बरे. शॉकअपचा खालचा बोल्ट काढावा. यू-बोल्ट काढावेत. मग आस जॅकवर हळूहळू खाली घ्यावा, पाटा सुटेल इतकाच. या वेळी एक माणूस ब्रेकच्या रबरी नळीवर लक्ष ठेवून असावा. आस जास्त खाली गेला तर नळी ताणते आणि आतून फाटते. बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढे कधीतरी ब्रेक जातो. शेवटी शॅकल आणि पुढचा बोल्ट काढून जुडी बाहेर घ्यावी. ती जड असते. दोघांनी धरावी. घणाने ठोकताना डोळ्यांवर चष्मा असावा. गंजाची कपची आणि पोलादाचा तुकडा गोळीसारखा उडतो.

जुडी सोडवताना तर जास्तच सांभाळावे. प्रत्येक पाट्याचा बाक वेगळा असतो आणि सेंटर बोल्टाने ते सगळे दाबून धरलेले असतात. बोल्ट एकदम काढला की पाटे उसळतात. म्हणून जुडी आधी मोठ्या शिकंज्यात दाबावी, मग बोल्ट काढावा आणि शिकंजा सावकाश सैल करावा.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करून देणारे भेटतात. करून घेऊ नका. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो तेव्हा कुठे तिला धार टिकते, हे तुम्हाला माहीत आहे. पाट्यालाही कारखान्यात असेच पाणी दिलेले असते. तिथे पाण्याऐवजी तेलात विझवतात, पण गुण तोच. त्या पाण्यामुळे पाटा लवतो आणि पुन्हा आपल्या बाकावर येतो. वेल्डिंगच्या आचेने तिथले पाणी उतरते. सांधा पक्का दिसतो, आणि त्याच्याच शेजारी पाटा पुन्हा तुटतो.

नवा पाटा आणायला जाताना जुना बरोबर न्यावा. लांबी, रुंदी, जाडी, भोक आणि बाक, सगळे जुळवून पाहावे. एकच पाटा तुटला असेल आणि बाकीचे बाक धरून असतील तर तेवढाच बदलला तरी चालते. पण जुडी जुनी होऊन बसली असेल तर दोन्ही बाजूंच्या जुड्या एकदम बदलाव्यात. एका खांद्यावर नवी कावड आणि दुसऱ्यावर मोडकी, अशी गाडी सरळ चालत नाही. खर्च दुप्पट होतो, त्याला इलाज नाही. यू-बोल्ट, त्यांचे नट आणि सेंटर बोल्ट मात्र दर वेळी नवेच घालावेत. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो. तो पुन्हा तसा घट्ट बसत नाही. पाट्याच्या पैशापुढे त्याची किंमत थोडी आहे. तिथे काटकसर करणाऱ्याची मला नेहमी गंमत वाटते.

बसवताना सेंटर बोल्टाचे डोके आसावरच्या खाचेत बरोबर बसले का, ते बोट लावून पाहावे. यू-बोल्टचे चार नट एकामागून एक पुरते आवळू नयेत. बाजेची दोरी ताणताना आपण एकच बाजू ताणत नाही, सगळीकडून थोडी थोडी ताणतो. तसे समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जावेत. किती आवळायचे, हे कंपनीने ठरवून दिलेले असते आणि तो जोर दाखवणारा पाना चांगल्या गॅरेजात असतो. डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट आधी हलकेच लावावेत. चाके बसवून, घोड्या काढून गाडी जमिनीवर आली आणि पाट्यांवर बसली की मग ते पक्के करावेत. गाडी अधांतरी असतानाच पक्के केले तर आतले रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. ब्रेकचा दांडा आणि शॉकअप जागेवर आले का, ते पाहावे. शेवटी सुतळी घेऊन दोन्ही बाजूंचे अंतर पुन्हा मोजावे.

पहिली चक्कर रिकामीच मारावी. एखाद्या मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक लावून पाहावा. मग थोडा माल घेऊन जळकोटहून उदगीरला जाऊन यावे आणि परत आल्यावर यू-बोल्टला पुन्हा पाना लावावा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, मधला रंग दबतो आणि नट थोडे ढिले पडतात. आठवड्याने आणखी एकदा पाना लावावा. गॅरेजवाला यासाठी पैसे घेत नाही, पण आपण होऊन बोलवतही नाही. तारीख भिंतीवरच्या पंचांगावर लिहून ठेवावी.

जुना पाटा भंगारात किलोच्या भावाने देऊ नये. तो लोहाराकडे न्यावा. पाट्याचे पोलाद कोयत्याला आणि कुऱ्हाडीला फार चांगले. एका लांब पाट्यात दोन-तीन कोयते सहज होतात. चिरलेला भाग तेवढा आधी कापून टाकायला सांगावा.